लगाम कोणाच्या हाती?

'मनावर ताबा ठेवा' हा उपदेश आम्हां विद्यार्थ्यांना अलीकडे फार स्वस्तात मिळतो. स्नेहसंमेलनाचे पाहुणे तो देतात, प्राध्यापक मंडळी देतात, घरी वडील देतात. आणि देता देता तेही मध्येच खिशातला मोबाइल काढून पाहतात! उपदेश खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो अपुरा आहे.

समोर प्रतिस्पर्धी कोण आहे, ते आधी पाहावे. मानसशास्त्र घेतलेल्यांना स्किनरची कबुतरे ठाऊक असतील. चोच मारताच दर वेळी दाणा मिळणारे कबुतर दाणा बंद होताच लवकर थांबते. पण कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेले कबुतर नंतरही कितीतरी वेळ चोच मारीतच राहते. आपला अंगठा याहून निराळे काय करतो? त्यात पुन्हा पुस्तकाला पान असते, प्रकरण असते, तेथे वाचक क्षणभर थांबतो. आझा रास्किन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००६ मध्ये कधीच न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली आणि ही थांबण्याची जागाच गेली. पुढे त्याने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पण पान काही संपले नाही.

वसतिगृहात रात्री दोन वाजता चक्कर मारावी. दिवे विझलेले, चेहरे मात्र उजळलेले! मन उदास म्हणून मोबाइल, की मोबाइलमुळे मन उदास, याचा निवाडा संशोधकांनाही सरळ करता आलेला नाही. तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी बंगळूरच्या 'निम्हान्स'मध्ये २०१४ साली खास उपचारकेंद्र निघाले, यावरून दुखणे लहान नाही एवढे कळते. घरापासून दूर आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या, मेसमध्ये एकटाच जेवणाऱ्या मुलाच्या हातातून हे यंत्र काढून घेतले, तर त्या जागी आपण त्याला काय देणार आहोत? मला हा प्रश्न संयमाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक गोष्ट केली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे वाचीत, बोलत. तेथे कोणा एकाच्या निग्रहाची परीक्षा नव्हती. सगळेच बंद ठेवीत असल्यामुळे आपले काही हुकते आहे, ही रुखरुखच उरत नसे.

आपल्याकडे उलट आहे. परीक्षेच्या अर्जाची सूचना रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर येते आणि सकाळी विचारणा होते, 'पाहिली नाही का?' मग मोबाइल दूर ठेवणारा विद्यार्थी संयमी ठरतो की निष्काळजी? माझी मागणी साधी आहे. सूचना संध्याकाळी पाचपूर्वी फलकावर लागाव्यात. जिमखाना रात्री नऊपर्यंत उघडा असावा. कॅरमला सोबतीला माणसे लागतात, हा त्याचा मोठाच गुण. आणि ग्रंथालयाच्या दाराशी जे कप्प्यांचे कपाट धूळ खात पडले आहे, त्यात सात ते नऊ या वेळेत वाचनकक्षात येणाऱ्या प्रत्येकाने मोबाइल ठेवावा. पहिला कप्पा मी घेतो. दुसरा प्राध्यापकांपैकी कोणी घेईल काय?