कोणत्याच संघाचा नसलेला प्रेक्षक

इंग्लंडच्या छोट्या गावांतल्या फुटबॉल मैदानांवर शनिवारी दुपारी जे दोन-तीनशे लोक जमतात, त्यांत काही चेहरे परगावचे असतात. यजमान कोण, पाहुणे कोण, कोण जिंकणार, याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नसते. ते मैदान बघायला आणि त्या मैदानावर एक सामना बघायला आलेले असतात. पुढच्या शनिवारी ते दुसऱ्या गावी असतील, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसऱ्या. तिकडे त्यांना ‘ग्राउंडहॉपर’ म्हणतात आणि म्हणताना थोडे हसतातही. रेल्वे फलाटावर उभे राहून इंजिनांचे क्रमांक वहीत टिपणाऱ्या छांदिष्टांच्या रांगेत त्यांना बसवले जाते. ज्याचा संघ नाही, ज्याला हरल्याचे दुःख नाही, तो कसला फुटबॉलप्रेमी, असा हा आक्षेप आहे. माझे मत नेमके उलटे आहे. छोट्या क्लबांचे जे आज तिथे चालले आहे ते पाहता, कोणत्याच संघाचा नसलेला हा प्रेक्षक त्या खेळाच्या सर्वांत उपयोगी आश्रयदात्यांपैकी एक आहे. त्याचा उपयोग होतो तो तो कोणाचाच नसल्यामुळे.

आधी रचना समजून घ्यावी लागेल. प्रीमियर लीगचे २० आणि तिच्या खालच्या तीन विभागांचे प्रत्येकी २४ असे ९२ क्लब म्हणजे इंग्लंडचे ‘लीग’ फुटबॉल. या सगळ्यांची मैदाने बघून झाल्याचा दावा करणाऱ्यांचा ‘नाइंटी-टू क्लब’ १९७८पासून आहे. पण त्या ९२च्या खाली पाचव्या स्तरावरची नॅशनल लीग, मग तिचे उत्तर-दक्षिण विभाग, त्याखाली १९०५ साली सुरू झालेल्या इस्थमियनसारख्या प्रादेशिक लीग, त्याखाली जिल्ह्यांच्या लीग, अशी उतरंड पार एखाद्या खेड्याच्या हिरवळीपर्यंत जाते. या सगळ्याला मिळून नॉन-लीग म्हणतात. १९८७पर्यंत वर आणि खाली यांच्यामध्ये जवळजवळ भिंत होती. वर जायला संघ जिंकणे पुरेसे नसे, वरच्या क्लबांची मते मिळवावी लागत. लंडनच्या उत्तरेचा एनफिल्ड क्लब १९८३ आणि १९८६ असा दोनदा पाचव्या स्तराचा विजेता झाला आणि दोन्ही वेळा खालीच राहिला. लगेच पुढच्या हंगामापासून विजेत्याला थेट बढती सुरू झाली आणि ती मिळाली स्कारबरोला. आज ती भिंत नाही, पण पैशाची आहे. प्रक्षेपणाचा अफाट पैसा वर अडतो, खाली थेंब पडतात. खालच्या क्लबाचे पोट भरते ते गेटवरच्या तिकिटांवर, बारवर, चहा-बर्गरच्या खिडकीवर आणि गावातल्या एखाद्या बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरात फलकावर.

गेटवरच्या या पैशाचे महत्त्व इंग्लिश फुटबॉलने फार पूर्वी मान्य केलेले आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये कोणत्याही फुटबॉल सामन्याचे थेट प्रक्षेपण करायचे नाही, असा १९६०च्या दशकापासूनचा दंडक आहे. बर्नली क्लबचे प्रमुख बॉब लॉर्ड यांचा त्यासाठी आग्रह होता. तर्क साधा होता: मोठा सामना घरबसल्या दिसू लागला, तर छोट्या मैदानाकडे कोण फिरकेल? गंमत अशी की मुंबई-पुण्यातला प्रेक्षक जो तीन वाजताचा सामना रात्री आरामात बघतो, तो मँचेस्टरमधल्या माणसाला घरी कायदेशीरपणे बघता येत नाही. हा दंडक जुनाट आहे, चोरट्या प्रक्षेपणामुळे निम्मा निष्प्रभ झाला आहे, असे म्हणणारे बरेच आहेत आणि त्यात तथ्य आहे. पण टीव्हीवर बंदी घालून माणूस घराबाहेर पडेलच असे नाही. ग्राउंडहॉपर कोणी न सांगता बाहेर पडतो, तिकीट काढतो, सामन्याची छापील पुस्तिका विकत घेतो आणि बहुधा काही खातो-पितो. दंडकाला जे साधायचे आहे ते हा माणूस हौसेने करतो.

यावर सर्वांत वजनदार हरकत अशी की हे पैसे कितीसे असणार? हिशेब करून बघू. समजा तिकीट १२ पौंडांचे आहे आणि ३० परके प्रेक्षक आले. ३६० पौंड झाले, खाणेपिणे धरून पाचशेच्या घरात. एवढ्याने कोणताही क्लब श्रीमंत होत नाही, हे खरेच. पण ज्या क्लबाचा कारभार स्वयंसेवक चालवतात, जिथे गवत कापणारा आणि गेटवर बसणारा माणूस कधी कधी एकच असतो, तिथे पाचशे पौंड म्हणजे पंचांचे मानधन आणि दिव्यांचे बिल. ईस्टरच्या सुट्टीत आणि हंगामाच्या सुरुवातीला काही प्रादेशिक लीग मुद्दाम वेळा पुढेमागे ठेवून एका दिवसात तीन-चार सामने लावतात, म्हणजे बस भरून आलेल्या हौशी प्रेक्षकांना एका मैदानावरून दुसऱ्यावर जाता येते. एरवी पन्नास-साठ डोकी मोजणाऱ्या क्लबाकडे त्या दिवशी काही पटींनी गर्दी होते आणि सकाळपासून स्वयंपाकघरात पाय वळवायला जागा उरत नाही.

परक्याच्या पैशाचा याहून मोठा पुरावा हवा असेल, तर जानेवारी २०२१ आठवावा. लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बी गावचा मरीन हा आठव्या स्तरावरचा क्लब एफए कपच्या तिसऱ्या फेरीत पोहोचला आणि त्याच्या छोट्याशा रॉसेट पार्कवर प्रीमियर लीगमधले टॉटनहॅम खेळायला आले. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. ज्यांच्या घरांची परसबागच मैदानाला लागून आहे, ते शेजारी तेवढे कुंपणावरून बघत होते. आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई हातची जाणार म्हणून क्लबाने आसनाशिवायची, केवळ नावापुरती तिकिटे दहा-दहा पौंडांना विकायला काढली. ती ३० हजारांहून अधिक खपली आणि विकत घेणाऱ्यांत टॉटनहॅमचेच चाहते पुष्कळ होते. मरीन ०-५ने हरले. ज्यांचा त्या क्लबाशी काहीच संबंध नव्हता, अशा लोकांनी त्याची काही वर्षांची चिंता मिटवली. परका आहे म्हणून तो फुकटा, हे समीकरण इथे तरी टिकत नाही.

पैशाहून मोठी गोष्ट जमिनीची आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचे मूळ तिथे आहे. शहराच्या मध्यावर किंवा उपनगरात शंभर वर्षांपूर्वी मिळालेले मैदान आज बिल्डरच्या नजरेत सोन्याचा तुकडा असते. वर उल्लेख केलेल्या एनफिल्डचे साउथबरी रोड मैदान १९९९ साली विकले गेले. मालकाशी फारकत घेऊन समर्थकांनी २००१मध्ये एनफिल्ड टाउन हा स्वतःचा क्लब काढला आणि त्याला स्वतःचे घर मिळायला २०११ उजाडले. हौशी खेळाडूंसाठीचा एफए अमॅच्युअर कप तीनदा जिंकलेल्या हेंडन क्लबाने २००८ साली क्लेअरमॉन्ट रोडचे मैदान सोडले आणि पुढची आठ वर्षे दुसऱ्यांच्या मैदानांवर भाडेकरू म्हणून काढली. इंग्लंडमध्ये २०२५ साली फुटबॉल प्रशासन कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला, परस्पर मैदान विकण्यावर बंधने आली. पण त्याचा अंमल वरच्या पाच स्तरांपुरता आहे. सहाव्या स्तरापासून खाली क्लबाचे रक्षण करायला उरतात ती माणसे.

आणि माणसे किती, यावर बरेच ठरते. दक्षिण लंडनच्या डलिच हॅम्लेटकडे पाहा. काही शेंवर असलेली गर्दी गेल्या दशकात दोन-तीन हजारांवर गेली. स्थानिक लोक होतेच, पण मोठ्या क्लबांच्या महागड्या तिकिटांना कंटाळलेले आणि नुसतेच कुतूहलाने आलेलेही होते. जुन्या मंडळींनी नाके मुरडली: हे दाढीवाले, हस्तनिर्मित बिअर पिणारे हौशे-गवशे, यांना ऑफसाइड तरी कळते का? मार्च २०१८मध्ये जमीनमालक कंपनीने क्लबाला त्याच्याच चॅम्पियन हिल मैदानातून बाहेर काढले. तेव्हा हाच जमाव रस्त्यावर आला. प्रश्न लंडनच्या महापौरांपर्यंत आणि संसदेपर्यंत गेला, आणि डिसेंबरमध्ये क्लब घरी परतला. दरम्यान परक्या मैदानावर खेळत त्यांनी बढतीही मिळवली. काही शेंचा क्लब असता, तर एवढा आवाज उठला असता असे मला वाटत नाही. डलिचमधल्या नव्या प्रेक्षकांपैकी बरेच जण पहिल्यांदा आले तेव्हा कोणत्याच संघाचे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. निष्ठा घेऊन कोणी जन्माला येत नाही. कधीतरी परका म्हणून गेटमधून आत शिरावेच लागते.

आता निष्ठेचाच मुद्दा. आपल्याकडे जत्रेच्या हंगामात गावोगावचे कुस्तीचे फड बघत हिंडणारा शौकीन असतो. तो कोणत्या तालमीचा हे कोणी विचारत नाही. चांगल्या डावाला तो फेट्याचा शेव उडवून दाद देतो आणि त्याच्या दादेला वजन असते, कारण तिच्यात पक्षपात नसतो. ग्राउंडहॉपरची बाजू मी याच न्यायाने घेईन. तरी त्यांच्यातला एक प्रकार मलाही पटत नाही. यादीवर खूण करण्यापुरता येणारा, मध्यंतरातच पुढची गाडी पकडणारा, कुंपणाबाहेरून फोटो काढून ‘झाले’ म्हणणारा. कोणता सामना धरायचा आणि कोणता नाही, यावर या मंडळींत घनघोर वाद चालतात, आणि ते ऐकून बाहेरचा माणूस हसला तर त्याचा दोष नाही. पण वहीतल्या खुणेच्या मोहाने का होईना, तो पोचतो कुठे? शेफील्डच्या सँडिगेटवर, जिथे २६ डिसेंबर १८६० रोजी हॅलम आणि शेफील्ड एफसी हे दोन क्लब एकमेकांशी खेळले, आणि जे जगातले सर्वांत जुने फुटबॉल मैदान मानले जाते. मैदानाला चक्क उतार आहे आणि हॅलम आजही तिथेच खेळतात. १८५७चा शेफील्ड एफसी, म्हणजे जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब, तोही नॉन-लीगमध्येच आहे. ही स्थळे कोणत्याही पर्यटन कंपनीच्या सहलीत नसतात. त्यांची दखल घेणारा, त्यांच्या जुन्या लाकडी स्टँडचे फोटो आणि तारखा जपून ठेवणारा वर्ग हाच.

खेळाचा दर्जा यथातथाच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. चेंडू हवेत जास्त, पायात कमी. इथे लोक लगेच जेमी वार्डीचे नाव पुढे करतात: स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडे आठवड्याला ३० पौंडांवर खेळणारा मुलगा २०१६ साली लेस्टरबरोबर प्रीमियर लीगचा विजेता झाला. उदाहरण खरे आहे, पण युक्तिवाद म्हणून लंगडे आहे, कारण वार्डी दशकातून एखादा निघतो. तिथल्या बाकीच्यांना सोमवारी सकाळी कामावर जायचे असते आणि तरी ते शनिवारी चिखलात झोकून देतात, हे बघण्याजोगे आहे. कठड्याला टेकून उभे राहिले की बचावपटू गोलरक्षकावर ओरडतो ते शब्दन्‌शब्द ऐकू येतात. १९८९च्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या दोन विभागांत सगळ्यांनी आसनांवर बसायचे असा नियम आला. खाली मात्र उभे राहण्याची मुभा कायम राहिली, आणि मध्यंतरात आपला संघ ज्या गोलकडे चढाई करणार त्याच्या मागे जाऊन उभे राहण्यासाठी सगळा जमाव टोके बदलतो. नॅशनल लीगच्या खाली हातात बिअर घेऊन सामना पाहायला कायद्याची हरकत नाही. मोठ्या मैदानात जाणारा माणूस ग्राहक असतो. इथे त्याला चुकून खुर्च्या उचलायलाही सांगतात.

मराठी वाचकाला याचे काय, असे कोणी विचारील. दरवर्षी लंडन-मँचेस्टरला जाणारे आपले पर्यटक आणि तिथे शिकणारी, नोकरी करणारी मुले मोठ्या स्टेडियमच्या आत फिरून येण्याचे पैसे मोजतात. रिकाम्या खुर्च्या, कपड्यांची खोली आणि शेवटी दुकान. सामना त्यात नसतो. सामन्याचे तिकीट मिळवायचे तर सहसा आधी क्लबचे सशुल्क सभासद व्हावे लागते. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे. वर ज्याची हकिगत सांगितली त्या हेंडनचे आत्ताचे सिल्व्हर ज्युबिली पार्क तिथून काही किलोमीटरवर आहे. गेटवर पैसे द्यायचे आणि आत जायचे. नॉन-लीग फुटबॉलमध्ये तर अशा पाहुण्यांसाठी २०१०पासून वर्षातला एक शनिवारच राखलेला असतो. राष्ट्रीय संघांच्या सामन्यांमुळे मोठ्या लीग बंद असतात, त्या दिवशी ‘नॉन-लीग डे’ असतो.

कोल्हापूरचा उल्लेख केल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या संघांच्या नावांवर शाहू स्टेडियम भरते, इथला अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि तरी रात्र जागवून लिव्हरपूल-आर्सेनल बघणाऱ्या पुण्या-मुंबईच्या किती जणांनी ते मैदान पाहिले आहे? पेठांची चुरस तिथे इतकी तापते की प्रसंगी हाणामारीवर येते. अशा ठिकाणी दोन्हीकडच्या चांगल्या खेळाला टाळी देणारे शे-दोनशे बाहेरचे लोक बसले, तर ते स्थानिकांना उपरे वाटतील कदाचित, पण नकोसे वाटतील असे नाही. तेव्हा इंग्लंडला जाणार असाल तर एका शनिवारची दुपार मोकळी ठेवा. जाणार नसाल तर हंगामात एक रविवार कोल्हापूरसाठी काढा. दोन्हीकडे तिकीट मात्र काढूनच आत जा.