मारामारीला वजन येतं ते किमतीमुळे

सुपरहिरोंच्या चमूचं कॉमिक म्हटलं की हाणामारी आलीच. पण बहुतेक अंकांतली हाणामारी पान उलटताच विसरली जाते. ‘एक्स-मेन’चा सप्टेंबर १९८० चा १३७ वा अंक मात्र चार दशकांनंतरही अस्वस्थ करतो. ख्रिस क्लेरमाँट आणि जॉन बर्न या जोडीचं ते सर्वोत्तम काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

चमूतली जीन ग्रे आता अफाट शक्तीची फिनिक्स झाली आहे. बेभान अवस्थेत तिने एक तारा गिळलाय आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव जळून गेलेत. परग्रहवासी शिआरांचं साम्राज्य तिचा प्राण मागतं. चमूचे गुरू प्राध्यापक झेव्हियर शिआरांच्याच प्रथेप्रमाणे द्वंद्वाचं आव्हान देतात आणि चंद्रावर एक्स-मेन विरुद्ध शाही रक्षकदल असा सामना ठरतो.

लढाईआधीची रात्र इथे फार महत्त्वाची आहे. एकेक नायक एकटा बसून विचार करतो: एवढा संहार करणाऱ्या मैत्रिणीसाठी उभं राहावं का? उत्तर सोपं नाही, तरी सगळे उभे राहतात. म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एकेक जण कोसळतो तेव्हा ते आपल्यालाही लागतं. शेवटी जीन आणि तिचा प्रियकर स्कॉट उरतात. स्कॉट पडतो, जीनमधली फिनिक्स उसळते आणि झेव्हियर सावरलेल्या एक्स-मेनना तिला आवरण्याचा हुकूम देतात. जिला वाचवायला लढले, तिच्यावरच आता हात उगारायचा! बर्नच्या चौकटींत वेग तोच राहतो, पण आता प्रत्येक ठोसा मारणाऱ्यालाच जास्त दुखतो. अखेर स्कॉटच्या डोळ्यांदेखत जीन स्वतःच मरण पत्करते.

मूळ शेवट असा नव्हता. शिआर तिची शक्ती काढून घेतात आणि ती जगते, असं आधी ठरलं होतं. मुख्य संपादक जिम शूटर यांनी ते नाकारलं. पाच अब्ज मृत्यूंनंतर तिला एवढ्यावर सोडणं त्यांना पटेना. शेवटची पानं नव्याने झाली. मूळ शेवट १९८४ मध्ये वेगळा छापला गेला, तो वाचल्यावर शूटर बरोबर होते याची खात्री पटते. तो शेवट राहिला असता, तर आधीच्या सगळ्या लढाईला अर्थ उरला नसता.

चमूची कॉमिक्स लिहिणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: कोण कोणाला मारतं हे नंतर ठरवा. कोण काय गमावणार आणि ते परत मिळणार नाही, हे आधी ठरवा.