आत्याची सही

आमच्या आत्याला गेली बारा वर्षे साखरेचा विकार आहे. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी एका इस्पितळात तिला औषधाच्या चाचणीत घेण्यात आले. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि त्यांच्या जोडीला आणखी एक गोळी घ्यायची, असा एकूण बेत होता. घरातला शिकलेला म्हणून तिने मला बरोबर नेले. (‘शिकलेला’ ही पदवी विद्यापीठाच्या आधी आत्यानेच मला बहाल केली आहे.) तेथे माझ्या हाती अकरा पानांचे संमतिपत्र ठेवण्यात आले. मराठी हा माझा खास विषय. पण त्या मराठीपुढे मी हात टेकले. ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा अडखळलो.

अखेर तेथल्या तरुण डॉक्टरांनी तोंडी समजावून सांगितले. काही जणांना खरी गोळी मिळणार, काही जणांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली, दिखाऊ गोळी. कुणाच्या वाट्याला कोणती, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरणार.

“मग मला कोणती?” आत्याने विचारले.

“ते आम्हालाही ठाऊक नसतं, मावशी.”

“अरे देवा! तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. मग ठाऊक आहे तरी कुणाला?”

डॉक्टर हसले, आत्या हसली आणि हसता हसता तिने सही करून टाकली. बाहेर आल्यावर मी म्हटले, “आत्या, कळलं का सगळं?” तर म्हणाली, “कळायचंय काय त्यात? पोरगा गोड बोलला. नाही म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.”

कायद्याच्या दृष्टीने ही संमती बिनचूक होती. कागद मराठीत होता, समजावून सांगितले गेले, प्रश्न विचारू दिला, सक्ती नव्हती. तरीही ती सही कशाला होती, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ती औषधाला नव्हती, शास्त्राला तर नव्हतीच. ती एका मुलाच्या गोड बोलण्याला होती.

येथे एक खुलासा आधीच करतो, नाहीतर शास्त्र शाखेचे मित्र माझ्यावर तुटून पडतील. आत्याला जो विनोद वाटला, तीच या पद्धतीची खरी शान आहे. देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, म्हणून तर औषधाचा गुण कोणता आणि मनाचा खेळ कोणता हे वेगळे काढता येते. आज आपण निर्धास्तपणे गिळतो ती गोळी कुणातरी अनोळखी माणसाने आधी गिळलेली असते. माझे भांडण चाचणीशी नाही. त्या अनोळखी माणसाला आपण कधी आणि काय विचारतो, याच्याशी आहे. आजार कोणता निवडायचा, गोळी किती वेळा द्यायची, किती हेलपाटे घालायला लावायचे, अपाय झाला तर कोण निस्तरणार, चाचणी संपल्यावर औषध मिळणार की नाही, हे सगळे ठरून गेलेले असते. मग अगदी शेवटी माणसाला बोलावून एकच प्रश्न केला जातो: “सही करता ना?”

हा शेवटचा प्रश्नसुद्धा नीट विचारला जातोच असे नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदे या जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. खम्मममधल्या कित्येक मुली आदिवासी, वसतिगृहांत राहणाऱ्या. ओरड झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. त्याला चाचणी म्हणावे की नाही यावरही पुष्कळ काथ्याकूट झाला. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात संमतिपत्रांची मोजदाद आहे. आंध्रातील ९५४३ पत्रांपैकी १९४८ पत्रांवर अंगठे होते, आणि २७६३ पत्रांवर सह्या होत्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या! मुलगी कुणाची, दंड कुणाचा आणि सही कुणाची? लस वाईट होती असे मुळीच नाही. त्या काळात ज्या मुली दगावल्या त्यांच्या मृत्यूचा लशीशी संबंध असल्याचे चौकशीत दिसून आले नाही, आणि ही लस जगभर दिली जाते. पण चांगल्या लशीच्या माथी संशय बसला तो औषधामुळे नव्हे, कागदावरच्या त्या परक्या सह्यांमुळे.

न विचारलेली माणसे मग काय करतात? एक तर ती उठून उभी राहतात. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे २००४ साली असे घडले. निरोगी माणसाने रोज एक गोळी घेतली तर एड्सच्या विषाणूची लागण टळते का, हे पाहायचे होते. देहविक्रय करणाऱ्या ९६० स्त्रियांवर हा प्रयोग व्हायचा होता. अशा चाचणीत एक क्रूर गोष्ट अध्याहृत असते, ती कुणी मोठ्याने बोलत नाही: काही जणींना लागण झाल्याखेरीज निष्कर्षच निघत नाही. त्या स्त्रियांची स्वतःची संघटना होती. मार्च २००४ मध्ये त्यांनी पत्रकार परिषद बोलावली आणि साधे प्रश्न विचारले. ज्यांना लागण होईल त्यांना पुढे औषधपाणी कोण करणार? या गोळीचे दुष्परिणाम दहा वर्षांनी दिसले तर आम्ही कुणाचे दार ठोठवायचे? त्यांनी तीस वर्षांच्या विम्याची मागणी केली. संशोधकांना ती अवास्तव वाटली. जुलैमध्ये बँकॉकच्या जागतिक एड्स परिषदेत निदर्शने झाली, आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी चाचणी सुरू होण्यापूर्वीच गुंडाळली. पुढल्या वर्षी कॅमेरूनमधली तशीच चाचणीही थांबली.

दुःखाची गोष्ट पुढेच आहे. त्या गोळीत दम होता. त्याच औषधाच्या जोडगोळीला लागण टाळण्यासाठी म्हणून अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. म्हणजे ज्या स्त्रियांना या गोळीची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच हातून ती काही काळ दूर राहिली. दोष कुणाचा? मला तरी त्या स्त्रियांचा वाटत नाही. विम्याचा प्रश्न त्यांनी आराखडा छापून झाल्यावर विचारला, कारण त्याआधी त्यांना कुणी विचारलेच नव्हते. या रणकंदनातून एक चांगले निष्पन्न झाले: लोकांना पहिल्यापासून सोबत कसे घ्यावे, याची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने २००७ साली प्रसिद्ध केली. वरातीमागून घोडे खरे, पण आले.

दुसरी तऱ्हा अधिक गमतीची आणि अधिक गंभीर. माणसे उभी राहत नाहीत. मान डोलावतात आणि गोळी घेत नाहीत. २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे येथे ५०२९ स्त्रियांवर अशाच प्रतिबंधक औषधांची मोठी चाचणी झाली. “रोज घेता ना?” असे विचारले की बायका हो म्हणत. त्यांच्या सांगण्यावरून आणि परत आलेल्या औषधाच्या मोजणीवरून सुमारे ९० टक्के पालन होत होते. सगळा आनंदीआनंद! शेवटी साठवलेले रक्त तपासले, तेव्हा तीस टक्के किंवा त्याहूनही कमी नमुन्यांत औषधाचा मागमूस सापडला. इतका खर्च, इतकी वर्षे, आणि औषध उपयोगी की निरुपयोगी हेच कळेना. नंतर त्या स्त्रियांशी निवांत बोलणे झाले, तेव्हा कारणे बाहेर आली. या गोळ्या रोग्यांना देतात त्याच. घरात कुणी डबी पाहिली तर नवरा काय म्हणेल, शेजारीण काय म्हणेल? ही अडचण कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणारी नव्हती. चार बायकांच्या पंक्तीत बसून मात्र पहिल्याच दिवशी सापडली असती.

हे मी वाचले आणि मला आत्याच्या तांदळाच्या डब्याची आठवण झाली. चाचणीची गोळी घेतली की तिला आंबट ढेकर येत. डॉक्टरांना सांगायचा संकोच, म्हणून बाईसाहेब दोन दिवस घेत आणि दोन दिवस तांदळात टाकत. तपासणीला जाताना रिकामी पाकिटे घेऊन जात. “घेते हो, नेमाने घेते!” त्या इस्पितळाच्या वहीत आमची आत्या आजही आदर्श रुग्ण म्हणून नोंदलेली असेल.

आता कुणी म्हणेल, अडाणी माणसाला विचारून काय कळणार? याचे उत्तर शोधायला परदेशी जायला नको. आपले गडचिरोली पुरे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तेथे काम सुरू केले, तेव्हा आरंभी सिकलसेल या रक्ताच्या विकाराचे संशोधन केले. शास्त्र म्हणून ते उत्तम होते, पण लोकांना त्याचे सोयरसुतक नव्हते. तो त्यांनी मांडलेला प्रश्नच नव्हता. ही चूक डॉ. बंग यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितली आहे, आणि मला त्यांच्या यशापेक्षा हा कबुलीजबाब मोठा वाटतो. नंतर त्यांनी लोकांना विचारले. दवाखाना कसा हवा? तर मोठी इमारत नको, आमच्या झोपड्यांसारखा हवा, आणि नाव आमच्या देवीचे हवे. म्हणून तो माँ दंतेश्वरी दवाखाना झाला. पुढे नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास त्यांनी हाती घेतला तो गावातल्याच बायकांना शिकवून, बाळंतिणीच्या खोलीत जाऊन. ३९ गावांत हजारी ६२ असलेले नवजात बाळांचे मृत्यू १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. हा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून ‘आशा’ सेविकांमार्फत देशभर गेला. पाचवी ते दहावी शिकलेल्या बाईच्या हाती बाळाचे वजन, श्वास आणि इंजेक्शन सोपवणे यात केवढा विश्वास आहे! तो एकतर्फी असता तर बाळंतिणीच्या खोलीचे दार उघडलेच नसते.

मात्र ‘लोकसहभाग’ या शब्दाचीही मला धास्ती वाटते. सरपंच, मुख्याध्यापक आणि दूध डेअरीचे चेअरमन यांना बोलावून चहा-बिस्किटे दिली, फोटो काढला, की गावाचा सहभाग झाला, ही आपल्याकडची जुनी रीत. गाव म्हणजे चावडीवरची चार डोकी नव्हेत. ज्या सुनेला गोळी गिळायची आहे ती त्या फोटोत कुठेच नसते.

आणि आपण, कला शाखेची मंडळी? आपला यात काय संबंध, असे मलाही वाटत होते. परंतु २०१९ च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे प्रत्येक नैतिकता समितीत निदान सात सभासद लागतात; त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. त्यांत एक सामान्य माणूस हवा, एक कायदा जाणणारा हवा, आणि समाजशास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञ अशांपैकी एक हवा. म्हणजे ज्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण सहा जण बसतो, त्या विषयासाठी कायद्याने एक खुर्ची राखून ठेवली आहे! त्या खुर्चीवर बसून ‘यादृच्छिकीकरण’ खोडून ‘चिठ्ठ्या टाकून’ एवढे जरी कुणी लिहिले, तरी आमच्या आत्यासारख्या कितीतरी जणींचे भले होईल. आमचे मराठीचे सर परिभाषेचे अभिमानी आहेत, ते रागावतील. पण परिभाषा पंडितांसाठी असते आणि संमतिपत्र आत्यासाठी.

चाचणी गेल्या वर्षी संपली. इस्पितळातून फोन आला की आता यायची गरज नाही. आत्या अधूनमधून विचारते, “त्या गोळीचं पुढं काय झालं रे? माझी खरी होती की खोटी?” मी इस्पितळाला दोन पत्रे धाडली. उत्तर आलेले नाही. तांदळाच्या डब्यातून निघालेल्या तेवीस गोळ्या तिने एका वाटीत काढून देव्हाऱ्यामागे ठेवल्या आहेत; टाकायच्या म्हटले तर टाकू देत नाही.