उद्घाटनाची बातमी मीच दिली होती

दीड वर्षापूर्वी आमच्या गावातल्या एका विशेष शाळेत 'सेन्सरी रूम' सुरू झाली. नारळ, फीत, तीन भाषणं. बातमी मीच दिली होती, फोटोसकट. 'अत्याधुनिक' हा शब्दही माझाच.

परवा वेगळ्याच कामासाठी शाळेत गेलो, तर खोलीला कुलूप. आत मोडकी बाकं आणि गॅदरिंगचे पडदे. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सर, पोरं आत गेली की जास्तच बिथरतात हो."

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांना पंख्याची घरघर, ट्यूबची फडफड, वर्गातला कालवा हे सगळं एकदम अंगावर येतं. मग कानावर हात, किंकाळ्या, भिंतीवर डोकं आपटणं. अशा वेळी शांत व्हायला एक जागा हवी. १९७०च्या दशकात नेदरलँड्समधल्या एका संस्थेत दोन कर्मचाऱ्यांनी अशी खोली करून पाहिली, तिथून ही कल्पना जगभर गेली. चैन नाही ही, गरज आहे.

आता आमच्याकडे काय झालं ते बघा. खरेदी 'संच' म्हणून झाली. कॅटलॉगमधलं पान, एक नग. बुडबुड्यांची उभी नळी आली, सहा इंच रुंद, पाच फूट उंच. तिच्यात पंचवीस-सव्वीस लिटर पाणी मावतं, ते वरचेवर बदलावं लागतं. खोलीत ना नळ ना मोरी. मावशींनी बोअरचं पाणी भरलं, दोन महिन्यांत आतून पांढरा थर, मग मोटर बसली. दिवे आले ते लग्नाच्या डीजेसारखे लुकलुकणारे. या शाळेत फिट येणारी मुलं आहेत! लुकलुकत्या उजेडानं काहींना फिट येऊ शकते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण विचारलं कुणाला?

झोका तर टांगलाच नाही, नशीब. वर पत्र्याचं छत. झोका हलताना आढ्यावर मुलाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण येतो. तो हूक कुठे मारायचा हे इंजिनिअरनं ठरवायचं असतं, तो माल उतरवणाऱ्या पोरांवर सोडला होता. खाली फरशी, वर पत्रा, त्यामुळे खोलीत आवाज घुमतो. शांत व्हायच्या खोलीत! आधी जाड पडदे आणि सतरंज्या घेतल्या असत्या तर निम्मं काम झालं असतं. रिमोट ऑफिसच्या कपाटात. खरं तर बटण मुलाच्या हातात हवं. उजेड कमी-जास्त आपण करू शकतो, हे कळणं हाच तर अर्धा उपचार.

आणि सगळ्यांना एकच गोष्ट लागू पडत नाही. एकाला दडपण हवं असतं, दुसरा स्पर्शानं दचकतो. बाईंना प्रत्येकाचं ठाऊक आहे. एक मुलगा मावशींच्या जड गोधडीखाली दहा मिनिटांत निवांत होतो, हे मी तिथंच पाहिलं. गोधडी तो स्वतः बाजूला सारू शकतो, तेही महत्त्वाचं.

पैशाचं रडगाणं कुणी सांगू नये. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. पण तो वर्षभर पडून राहतो आणि मार्चमध्ये उडतो. मार्चात मुलांचा अभ्यास करायला वेळ नसतो, संच मागवायला असतो. यात आम्ही पत्रकारही आलो. मी त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता, 'ही खोली रोज चालवणार कोण?', तरी पुष्कळ झालं असतं.

हे आज लिहायचं कारण, दुसऱ्या शाळेसाठी असाच प्रस्ताव नगरपरिषदेत आलाय. यादी पाहिली, तीच आहे, लुकलुकते दिवेसुद्धा. सभेआधी एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला दोन दिवस शाळेत बसवा, शिक्षिकांना विचारा, पालकांना विचारा, देखभालीचा खर्च आधीच धरा, मग यादी करा. बाई आणि मी मंगळवारी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांना भेटायला जातोय. ज्या पालकांना जमेल त्यांनी या. मुलांना आणलंत तरी चालेल, फक्त तिथला भोंगा फार मोठा आहे.