बसायला स्टूल, नऊ तारखेची सवड: गुलमंडीतील दुकानांत काम करणाऱ्या महिलांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका, मा. कामगार उपायुक्त, तसेच गुलमंडी परिसरातील सर्व व्यापारी बंधू-भगिनी

विषय: गरोदर व बाळंतीण कामगार महिला आणि त्यांच्या नवजात बाळांच्या आरोग्याबाबत

महोदय,

गुलमंडी, मछली खडक, औरंगपुरा ते पैठण गेट या पट्ट्यातल्या साड्यांच्या, तयार कपड्यांच्या, बांगड्यांच्या दुकानांत आम्ही काम करतो. गरोदरपणातली गुंतागुंत ही दवाखान्याची बाब आहे, दुकानाचा तिच्याशी काय संबंध, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. संबंध आहे. पायावर सूज येते, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा आम्ही काउंटरमागे उभ्या असतो. ‘दिवस भरत आले की असंच होतं’ म्हणून ते अंगावर काढले जाते.

यातले सगळे साधे नसते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर ती एका धोकादायक आजाराची सूचना असते. या आजारात वारेला रक्त कमी पोचते, म्हणून पोटातले बाळ वाढत नाही. आईला झटके येऊ शकतात, मूत्रपिंड व यकृतावर परिणाम होतो. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो, पण त्यासाठी आजार वेळेत ओळखला गेला पाहिजे. तो पुरता थांबवायचा तर बाळंतपण हाच उपाय उरतो, मग दिवस भरलेले असोत वा नसोत. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला अंगाची ऊब टिकवता येत नाही, फुप्फुसे तयार नसतात, चोखणे-गिळणे-श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही. बाळ पेटीत, आई दुसऱ्या वॉर्डात, आणि घरचा माणूस औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिन्यावर. हे सारे टाळायची पहिली पायरी म्हणजे दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत होणारी रक्तदाबाची तपासणी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. घाटीचे सरकारी रुग्णालय गुलमंडीहून लांब नाही. पण ९ तारखेला दुकान उघडेच असते, आणि गेलेल्या वेळेचा पगार कापला जातो. म्हणून आमची पहिली मागणी: गरोदर कामगार महिलेला दर ९ तारखेला पगारी अर्धी सुट्टी द्यावी. डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली असेल, तर त्या दिवशी द्यावी.

दुसरी मागणी बसण्याची. गिऱ्हाईकाला गादी, चहा, थंड पाणी. साड्यांचे गठ्ठे उचलणारीला मात्र टेकायलाही जागा नाही. तासन्‌तास उभे राहण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा थोडाफार संबंध अभ्यासांत दिसतो. तो फार मोठा आहे असा आमचा दावा नाही. पण १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच ही गोष्ट मान्य केलेली आहे: ठरावीक काळात गरोदर महिलेने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये. कोळिकोडची मिठाई गल्ली हीसुद्धा गुलमंडीसारखीच कापडा-मिठाईची जुनी पेठ. तिथल्या दुकानांतल्या महिला आधी स्वच्छतागृहासाठी भांडल्या, मग बसण्याच्या हक्कासाठी. आणि २०१८ मध्ये केरळने दुकान कायद्यात तशी दुरुस्ती केली. २०२१ मध्ये तमिळनाडूने केली. महाराष्ट्राने करावी, ही मागणी आम्ही शासनाकडे पाठवतच आहोत. तोवर प्रत्येक दुकानात एक स्टूल ठेवायला कोणाच्या अध्यादेशाची गरज नाही.

स्वच्छतागृहाचा विषय काढला की लोक माना खाली घालतात. आम्ही उघड बोलतो. लघवीला जायची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. त्यात शहरात नळाला पाणी काही दिवसांआड. गरोदरपणात लघवीचा संसर्ग लवकर होतो, पुष्कळदा त्रास न जाणवता होतो, आणि उपचार झाले नाहीत तर तो मूत्रपिंडापर्यंत चढून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. गुलमंडी परिसरात पाणी, कडी आणि दिवा असलेले महिलांचे स्वच्छतागृह, दुकाने बंद होईपर्यंत उघडे राहील असे, महापालिकेने द्यावे. जागा दाखवायला आम्ही बरोबर येऊ.

रक्ताची कमतरता तर घरोघर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ४५.७ टक्के गरोदर महिला रक्तक्षयी आहेत. अशा बाईला बाळंतपणातला थोडा जास्तीचा रक्तस्रावही झेपत नाही, आणि बाळ कमी वजनाचे होण्याची भीती असते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस मिळतात, पण दुकानातल्या चहाबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत. जेवणाची सुट्टी ठरलेल्या वेळी आणि पुरती अर्धा तास मिळावी, एवढेच यात आमचे मागणे.

आता पैशाचा प्रश्न. कायद्यातली २६ आठवड्यांची पगारी रजा १० किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना लागू. आमच्या बहुतेक दुकानांत तीन-चार जणी. ‘एक सहा महिने घरी बसली तर मी दुकान कसं चालवू?’ ही मालकांची अडचण खोटी नाही, आणि आम्ही ती झटकत नाही. पण यावरचे उत्तर १९२८ मध्येच दिले गेले आहे. मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार महिलांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले होते की हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, कारण बाळंतिणीची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. तेव्हा छोट्या दुकानांसाठी शासनाने प्रसूती निधी उभारावा. व्यापाऱ्यांनी त्यात थोडा वाटा द्यावा, आम्हीही देऊ. केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये आमच्यातल्या बहुतेकींच्या एका महिन्याच्या पगारापेक्षाही कमी आहेत. त्यांच्या भरवशावर कोणी घरी बसत नाही. बाळंतपणाचे चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत बाई परत काउंटरमागे येते, आणि अंगावरचे दूध आटते. परतणाऱ्या आईला दूध पाजायला रोज दोन वेळा सवड द्यावी.

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. केरळनंतर हे प्रमाण देशात सर्वांत कमी होते. चांगलेच आहे. पण जी वाचली आणि कायमचा रक्तदाब घेऊन घरी गेली, ती या आकड्यात कुठेच नाही.

शेवटची मागणी रस्त्याची. सणासुदीत गुलमंडी ते सिटी चौक हातगाड्या आणि दुचाक्यांनी असा गच्च होतो की १०८ ची रुग्णवाहिका आत शिरत नाही. हातगाडीवाले हटवा असे आम्ही म्हणत नाही; त्यांच्याही घरी बाळंतपणे होतात. एका बाजूची पट्टी आखून ती मोकळी ठेवावी.

दिवाळीच्या खरेदीला सुरुवात होण्यापूर्वी आपण सर्वांनी आमच्या प्रतिनिधींसोबत एकत्र बैठक घ्यावी. बैठक सकाळी दुकाने उघडण्याआधी ठेवावी, म्हणजे कोणाचा पगार कापला जाणार नाही. स्टुलांची आणि नऊ तारखेची मागणी जी दुकाने आधीच मान्य करतील, त्यांची नावे आम्ही आनंदाने बाजारात लावू.

आपल्या,
गुलमंडी परिसरातील दुकानांत काम करणाऱ्या महिलांच्या संघटनेच्या वतीने