वादळापूर्वीचे वादळ

थंडीच्या दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिमवादळाची चाहूल लागली, की तेथील हौशी हवामानप्रेमींत दोन तट पडतात. एक युरोपीय संगणक-मॉडेलचा, दुसरा अमेरिकन मॉडेलचा. आपल्याकडे पंचांगांवरून असेच वाद होतात. मात्र तेथील पंचांग दर काही तासांनी नवे निघते!

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी हे चक्रीवादळ समुद्रात न जाता किनाऱ्याकडे वळेल, हे युरोपीय मॉडेलने अमेरिकन मॉडेलच्या आधी ओळखले. तेव्हापासून त्या तटाची मान ताठ झाली. पुढे जानेवारी २०१५ मध्ये त्याच मॉडेलने न्यूयॉर्क शहरावर दोन फुटांहून अधिक बर्फ दाखविला. अमेरिकन मॉडेलचा आकडा पुष्कळच कमी होता. वस्तुतः हा मतभेद हीच त्या दिवशीची खरी बातमी होती. परंतु सामान्य नागरिकाच्या कानी पडला तो मोठा आकडा. २६ जानेवारीच्या रात्री शहराची भुयारी रेल्वे बंद ठेवण्यात आली. बर्फाच्या भयाने असे पूर्वी कधी घडले नव्हते. रात्रपाळीच्या कामगारांनी घरी कसे परतावे?

वादळ किंचित पूर्वेस सरकले. सेंट्रल पार्कमध्ये जेमतेम १० इंच बर्फ साचला; तेथून सुमारे ५० मैलांवर, लाँग आयलंडच्या मध्यभागी, दोन फूट! फिलाडेल्फिया परिसराचे अंदाज देणाऱ्या सरकारी कार्यालयातील अधिकाऱ्याने जाहीर क्षमा मागितली. बॉस्टनमध्ये मात्र अंदाज खरा ठरला होता. तेथील लोक फावडी घेऊन दारातला बर्फ उपशीत होते.