इंजिनाचा ऐब

गेल्या मे महिन्यात आमच्या मामूंची पिकअप कुंभार्ली घाटात थांबली. मागे आंब्याच्या पेट्या होत्या आणि माल संध्याकाळपर्यंत कराडला पोचवायचा होता. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला होता, बोनेटखालून वाफ येत होती. मामूंनी तासभर गाडी थंड केली, जवळच्या बाटल्यांतले पाणी ओतले आणि तशीच पुढे नेली. माल पोचला, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दिवसापासून गाडी रोज लिटरभर पाणी पिऊ लागली आणि खाली तर थेंबही सांडत नव्हता.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची चूल पिकअपवर पेटते. मासळी, भाजी, मंडपाचे सामान, बकरी ईदच्या आधी बकरे. म्हणून हे सविस्तर सांगतो. पाणी कमी होते आणि जमिनीवर दिसत नाही, तर ते बहुतेक वेळा इंजिनाच्या आत जात असते. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट असते. इंजिन फार तापले की हेड वाकते, गॅस्केट जळते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरते. मामूंचे इंजिन तापले कशामुळे? कूलंटचा खर्च वाचवायला चार वर्षे ते बोअरचे पाणी घालत होते. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून अरुंद झाल्या. कूलंट गंज आणि क्षार धरू देत नाही, शिवाय ते साध्या पाण्याहून उशिरा उकळते. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. आत दाब असतो, उकळते पाणी थेट तोंडावर येते.)

लोक म्हणतात, इंजिन अचानक गेले. अचानक फार थोडी जातात. आधी सायलेन्सर बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल बिघडलेले. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, व्हॉल्व्हचे सील नाहीतर टर्बो, आणि हे काम महागात जाते. पांढरा धूर थंडीच्या सकाळी दोन मिनिटे निघाला तर काळजी नको. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर मामूंचे दुखणे आठवावे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांची तक्रार निराळी आहे. यांतल्या बहुतेकांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. अडकलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. बाजारातल्या बाजारात फिरणाऱ्या, दर दुकानापुढे थांबणाऱ्या गाडीला ते जमत नाही. मग दिवा लागतो, चढाला ताकद कमी पडते. दिवा नुकताच लागला असेल तर हायवेला पंधरा-वीस मिनिटे एका वेगात चालवून बहुधा भागते. काजळी जाळण्याचे काम वारंवार अर्धवट राहिले, तर जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ऑइल कमी होण्याऐवजी वाढले म्हणून खूश झालेले एक गृहस्थ आम्हाला भेटले आहेत! पातळ झालेले ते ऑइल बेअरिंगांना सांभाळू शकत नाही.

मामूंनी गाडी विकायचे ठरवले. दलाल आला, म्हणाला, ‘रेडिएटरमध्ये गळती बंद करायची पावडर टाका, जाड ऑइल भरा. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवा. महिनाभर काही कळणार नाही.’ भावही चांगला सांगितला. दुसऱ्या गाडीसाठी मामूंनी बयाणा दिलेला होता, मुदत पंधरा दिवसांची.

रात्री जेवणानंतर मामूंनी आम्हाला विचारले, ‘बेटा, विचारले तर खोटे बोलणार नाही. पण कोणी विचारलेच नाही तर?’

आम्ही त्यांना धान्याच्या ढिगाची हदीस आठवून दिली. ह. मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पाऊस लागला होता. त्यावर त्यांनी एवढेच विचारले की, मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध तोडला. त्या माणसालाही कोणी आधी काही विचारले नव्हते. लपवलेला दोष निघाला तर माल परत करायचा जो हक्क फिकहने खरेदीदाराला दिला, त्याचे नावच खियार-ए-ऐब.

मामू गप्प राहिले. मुमानी म्हणाल्या, ‘आणि बयाणा?’ त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

पहिले गिऱ्हाईक खेडचा एक तरुण होता. मामूंनी त्याला फजरनंतर बोलावले, इंजिन थंड असताना. थंड रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली, पाण्यात बुडबुडे येताना दाखवले. ऑइलच्या झाकणाच्या आतली दुधाळ तपकिरी साय बोटावर घेऊन दाखवली. जुनी गाडी घेणाऱ्याने एवढे तरी स्वतः पाहावे, विकणारा दाखवो न दाखवो. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी यावे.

तरुण सलाम करून निघून गेला. नंतर आलेले दोघेही गेले. बयाण्याची मुदत संपली, अर्धे पैसे परत मिळाले, अर्धे बुडाले. त्या दिवशी मुमानी कोणाशी बोलल्या नाहीत.

सव्वा महिन्याने तो तरुण स्वतःचा मिस्त्री घेऊन परत आला. हेड उतरवले, ते वाकले होते. पण ब्लॉकला तडा नव्हता. हेडला फेसिंग मारून नवे गॅस्केट बसवायचा आणि रेडिएटरचा खर्च धरून, दलालाच्या भावापेक्षा पस्तीस हजार कमी दराने सौदा झाला.

गाडी आता हर्णैच्या बंदरावर मासळी भरते. मागच्या आठवड्यात त्याचा मामूंना फोन आला होता. आम्ही शेजारीच बसलो होतो. कूलंट किती महिन्यांनी बदलायचे, असे तो विचारत होता, आणि मामू त्याला आधी बोअरच्या पाण्याबद्दल सांगत होते.